काठ सोडू नको

१

“ही आल्यापासून टाकी उतरंना बघ.”

सासूबाई हे माझ्या नणंदेला, बेबीनंदाला, फोनवर सांगत होत्या. हात मेथी निवडण्यात गुंतलेले, म्हणून फोन ताटाच्या कडेला टेकवून स्पीकरवर ठेवलेला. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते, ती जिन्यातच थांबले. जिन्यात थांबायचं कसं, हे नव्या सुनेला पहिल्या पंधरवड्यात आपोआप येतं.

“चांगलंच हाय की मंग,” बेबीनंदा म्हणाली. “पायगुण म्हणायचा.”

“पायगुण कसला. आठव्या दिवशी नळ येतो आन् पाचव्या दिवशी टाकी खडखडाट, हे मी या घरात जन्मभर बघून राह्यले. आता बघावं तव्हा काठोकाठ. दोन महिने झाले. आन् त्या पाण्याला वास येतो गं. गंगंच्या गाळाचा.”

मग बेबीनंदा हळू आवाजात म्हणाली, “तिला इकडं धाडून दे माय. पायी. काठाकाठानं. ओटी भरून वाटंला लावू.”

मी दोन पायऱ्या वर गेले, पैंजण वाजवत पुन्हा उतरले, आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसले. आत्याबाईंनी (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते) मेथीचे देठ गोळा केले आणि माझ्याकडे बघून हसल्या. हसू चांगलं होतं. त्यात खोट काढता आली नाही.

आमचं घर तीर्थपुरीत. नवऱ्याचं, आदिनाथचं, पाण्यातल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. त्यामुळे टाकी का उतरत नाही हे घरात कुणाला कळायला हवं तर त्याला. मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन टाकीत काठी घातली. काठोकाठ. दुपारी धुणं झालं, भांडी झाली, पुन्हा काठी घातली. काठोकाठ. शेजारच्यांची पाइपलाइन कुठेतरी आमच्या नळाला जोडली गेली असणार, असं मी ठरवलं. शेजाऱ्यांची टाकी मात्र रिकामी होती, ते रोज सकाळी ओरडून सांगायचे.

तशी एक आठवण होती. लग्नाच्या दिवशी उंबऱ्यात आत्याबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर तांब्याभर पाणी घातलं. आमच्या उंबऱ्याचा उतार रस्त्याच्या बाजूला आहे. तरी पाणी घरात गेलं. माझ्या पुढे पुढे, थेट देव्हाऱ्यापर्यंत. फरशीवाल्याने काम नीट केलं नसेल, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही तसंच वाटावं अशी माझी इच्छा आहे.

त्या संध्याकाळी जेवताना आदिनाथ म्हणाला, “प्रियदर्शनी, तुला चालायचं व्हतं ना एकटीला? शहागडपासून बेबीच्या गावापर्यंत जा की. काठाकाठानं तीन दिवस लागतील. आम्ही गाडीनं येतो तिकडं.”

ज्या घरातून मला कोथिंबीर आणायलाही एकटीला पाठवत नव्हते, त्या घराने मला तीन दिवस एकटीने भटकायला मोकळं सोडलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचं काय करायचं ते कळेना.

२

लग्नाआधी मी कोकणात आठ दिवस एकटी चालले होते. पाठीवर सॅक, समुद्र एका हाताला, रोज एक गाव. भोकरदनच्या मुलीने असं काही करायचं नसतं, म्हणून घरी कॉलेजची सहल सांगितलेली. त्या आठ दिवसांत मी ओहोटी बघितली नाही. जिथे जाईन तिथे भरतीच असायची. कोळणी म्हणायच्या, “आता तर उतरलं होतं पाणी.” मला वाटायचं, माझी वेळच चुकते.

आदिनाथ बघायला आला तेव्हा मी हे त्याला सांगितलं. दोन महिन्यांत सासरी मी जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, पण त्या दिवशी त्याच्याशी मी अर्धा तास बोलले. तो म्हणाला, “आमच्याकडं समुद्र न्हाई. गंगा हाय.” गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. मग त्याने विचारलं, “तुम्हाला घरी काय म्हणतात, प्रिया?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “मी पूर्ण म्हणंन. एवढं चांगलं नाव हाय.” आणि तो खरंच म्हणतो. दुकानातून हाक मारतानाही पूर्ण. त्या एका गोष्टीसाठी मला त्या घरात राहायचं होतं. बाकी सगळ्याची सवय झाली असती.

शहागडच्या पुलापाशी त्याने मला गाडीवरून उतरवलं. वरून ट्रक चाललेले. खाली बंधाऱ्याचं अडवलेलं पाणी, हिरवट, हलत नसलेलं. माघाचा महिना, सकाळचे आठ. त्याने माझ्या सॅकचे पट्टे आवळले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले.

“काठ सोडू नको,” तो म्हणाला.

“कामून?”

“वाट चुकती.”

नदी डोळ्यांसमोर असताना वाट कशी चुकेल, हे विचारायच्या आत त्याने गाडीला किक मारली.

उजव्या हाताला गंगा, डाव्या हाताला ऊस. पायवाट बरी होती. कुठे उसाचं पाचट, कुठे मोटारींचे पाइप. चार वाजता पिंपरवाळा नावाची वस्ती आली. काठावर एक मोटारघर होतं आणि त्याच्या दारात एक म्हातारे गृहस्थ स्टार्टरशी खटपट करत होते. मला बघून त्यांनी मोटार बंद केली. मग वहाणा काढल्या आणि बाजूला ठेवल्या.

“आल्या का,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. “माघात?”

“थंडीत चालायला बरं पडतं,” मी म्हटलं.

त्यांचं नाव तातेराव. त्यांनी घराकडे तोंड करून नुसतं “अगं” म्हटलं आणि त्यांच्या घरच्या काकू ताट घेऊनच बाहेर आल्या. हळद, कुंकू, खण, नारळ, मूठभर गहू. म्हणजे ओटी भरणार. नवी नवरी पाहुणी आली तर भरतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पदर नव्हता, म्हणून मी ओढणी पसरली.

काकूंनी ओढणीत काही घातलं नाही. त्या खाली वाकल्या आणि माझ्या बुटांवर हळद-कुंकू वाहिलं. नारळ, खण, गहू, सगळं बुटांपुढे जमिनीवर ठेवलं. माझे बूट सवाष्ण झाले, मी मात्र कोरडी राहिले.

“आता माघारी जावं माय,” काकू म्हणाल्या. “लेकरं-बाळं हायेत.”

“माघारी कुठं, काकू? मला पुढं जायचंय. नणंदेकडं.”

“नणंदंकडं जायचंय म्हणत्यात,” काकूंनी तातेरावांना सांगितलं, जणू मी कुठली परदेशी भाषा बोलले होते. तातेरावांनी फोन काढला आणि ते उसाच्या आड गेले.

मोटारघराच्या भिंतीवर गेरूने आडव्या रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघेपुढे एक साल. कोणत्या पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. फोन संपवून तातेराव आले, गेरूचा खडा घेऊन माझ्या शेजारी खाली बसले, आणि त्यांनी भिंतीवर एक नवी रेघ ओढली. माझ्या घोट्याच्या उंचीला.

३

रात्री त्यांनीच ठेवून घेतलं. बाजरीची भाकरी, ठेचा, वर दूध. माझं अंथरूण मधल्या खोलीत घातलं. चालून दमलेली होते, पडल्या पडल्या झोपले.

सकाळी उठले तर घरात कुणी नाही. नुसतं कुणी नाही असं नव्हे. काही नाही. काल भिंतीला धान्याची पोती होती, कोपऱ्यात शिलाई मशीन होतं, कोनाड्यात देव होते. सगळं गेलेलं. मधोमध मी आणि माझं अंथरूण. छपरावरून खोकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर अख्खं घर पत्र्यावर. पोती, मशीन, देव, दोन शेळ्या, आणि त्यांच्यामध्ये गोधडी पांघरून तातेराव आणि काकू. माघाच्या थंडीत रात्रभर.

आपण घोरतो का, हा विचार माझ्या मनात आधी आला हे कबूल करायला हवं.

“काकू, वर काय करताय?”

“काय न्हाई माय. तुम्ही जा निवांत.”

“खाली का नाही झोपलात?”

काकूंनी तातेरावांकडे बघितलं. तातेराव म्हणाले, “सवय हाय आम्हाला.”

मी सॅक भरली. कालचा नारळ टाकून कसा द्यायचा, म्हणून तोही घेतला. निघताना मागे वळून हात हलवला, तर शिडी उतरायची कुणाला घाई दिसली नाही.

मी स्वतःशी सगळं नीट लावून बघत चालले. म्हातारी माणसं. काहीतरी व्रत असेल. माघी काही असतं का? आत्याबाईंना विचारायला हवं होतं. वाटेत एक शेळ्यांचा कळप आडवा आला. मी कडेला उभी राहिले. कळप माझ्यापासून लांबून गेला, पण एक शेळी मागे राहिली. जिथून मी चालत आले होते तिथे, पायवाटेवर, मान खाली घालून काहीतरी करत होती. फुफाट्यात चरायला काय असणार? गळ्याजवळची कातडी हलताना दिसली. ती पीत होती.

मी बूट बघितले. कोरडे. तळवे बघितले. कोरडे. पायवाटेकडे मी बघितलं नाही. का नाही, ते सांगता येणार नाही. उशीर होत होता.

४

गंगासावंगीला दुपारी पोचले तेव्हा घाटाच्या पायरीवर बायका रांगेत उभ्या होत्या. ताटं झाकलेली. म्हणजे मी यायच्या आधीपासून उभ्या होत्या. एकेक पुढे आली, बुटांवर कुंकू, पुढे नारळ. “माघारी जा माय.” “आता बास, माघारी जा.” एका मुलीने, माझ्याहून बरीच लहान असेल, घाईघाईने ताट ठेवलं आणि पुटपुटली, “जल्दी जा ना बाई, माझी दहावीची पुस्तकं खाली हायेत.”

कुणी वेडंवाकडं वागलं नाही. मला तेच कळेना. भीती वाटावी असं कुणी काही करत नव्हतं. सगळे फार अदबीने वागत होते.

मी एक नारळ उचलायला वाकले. तो जरासा सरकला. सपाट फरशी होती, नारळ घरंगळेल असा उतार नव्हता. आणि घरंगळलाही नाही. डुलत डुलत बाजूला गेला, थांबला, आणि जागच्या जागी हलत राहिला.

घाटावर एक किराणा दुकान होतं. मालक जुगलकिशोर, पन्नाशीचे, खालच्या फळीवरची साखरेची पोती वरच्या फळीवर चढवत होते. हिशोबी माणूस शहाणा असतो, या समजुतीने मी त्यांना विचारलं.

“भैया, हे लोक काय करतायत?”

“हे लोक म्हणजे आम्ही पण, भाभी.” त्यांनी घाम पुसला. “आमच्या दादाजींनी राजस्थानातून येऊन दुकान टाकलं. तीन पिढ्या झाल्या. गावात पाणी आलं तर आमची पण साखर भिजते.”

“पण पाणी कुठंय? पाणी तिकडं आहे, नदीत.”

“बराबर,” ते म्हणाले.

“मग हे माझ्यासमोर…”

“भाभी, मी कुणाला काही विचारत न्हाई. पाणी उंबऱ्याशी आल्यावर त्याला विचारायचं असतं का, तू कुठून आलं?”

“मी पाणी नाहीये, भैया.”

“बिलकुल बराबर.” असं म्हणून त्यांनी बिस्किटाचा पुडा काढला, बाहेर आले आणि वाकून तो माझ्या बुटांपुढे ठेवला. मग कानामागचा गेरूचा खडा काढला आणि दुकानाच्या खांबावर रेघ मारली. माझ्या गुडघ्याला.

तेव्हा मला आदिनाथने सांगितलेलं आठवलं. साखरपुडा झाल्यावर एकदा तो आपल्या लहानपणाबद्दल बोलत होता. गंगेला पूर आला, पाणी वेशीत शिरलं, की गावच्या बायका पाण्याची ओटी भरतात. साडी, खण, नारळ पाण्यात सोडतात आणि म्हणतात, आई, आता माघारी जा. आणि वरच्या गावांना फोन लावतात. कुठवर आलं? पुलाला टेकलं का? त्यावरून खालच्या गावांना कळतं, आपल्याकडे कधी येईल, सामान कधी हलवायचं.

मी आदिनाथला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगलाच उचलला.

“कुठवर आलीस?”

प्रियदर्शनी म्हणाला नाही.

“सावंगी.”

त्याने फोन तोंडापासून लांब धरला, पण मला ऐकू आलं. “सावंगीला आली.” मागून आत्याबाईंचा आवाज आला. “मंग उद्या चारपर्यंत येतीच. गहू आधी वर घे. टीव्ही मागून.”

“आदिनाथ,” मी म्हटलं.

“हां.”

मला विचारायचं होतं ते एवढं मोठं होतं की तोंडात मावेना. “तू जेवलास का?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तू?”

५

मी मूर्ख नाही. एवढी माणसं एकच गोष्ट सांगतायत, तर ती करून बघावी. माघारी जावं. सावंगीपासून डांबरी रस्ता दोन किलोमीटरवर. तिथून एसटी धरायची, जालन्याला उतरायचं, तिथून भोकरदन. आई विचारेल, काय झालं? मी म्हणेन, काही नाही. दोन महिन्यांत परत आलेली मुलगी काही नाही म्हणाली की भोकरदनमध्ये त्याचा अर्थ काय होतो, ते मला माहीत आहे. आणि आदिनाथ मला पुन्हा पूर्ण नावाने हाक मारणार नाही, हेही माहीत होतं. तरी गेले. मला इतकं कळेनासं झालं होतं की कुणीतरी सांगितलेलं करणं सोपं वाटलं.

रस्त्यावर उभी राहिले. तीन वाजता एसटी आली. मी हात केला.

ती लांबच थांबली. पन्नास-साठ पावलांवर. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी तिच्याकडे दोन पावलं गेले, तर त्याने गाडी सुरू करून थोडी मागे घेतली आणि पुन्हा बंद केली. मग कंडक्टर खाली उतरला आणि पुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या आजूबाजूच्या रस्त्याकडे बघत होता. एसटीच्या मागून एक मोटारसायकल आली, थांबली. चालवणाऱ्याने विचारलं, “किती हाय?”

“कमरंइतकं आसंल,” कंडक्टर म्हणाला.

“उतरंल का?”

“बघू घडीभर.”

खिडक्यांतून माणसं डोकावत होती. एका बाईने बाळाला उचलून दाखवलं, बघ बघ. कुणीतरी डबा उघडला. पुलावरून पाणी वाहत असताना एसटी जशी अलीकडे थांबते आणि सगळे जसे निवांत होतात, कारण आता आपल्या हातात काही नसतं, तसं.

कंडक्टरने रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला आणि माझ्या पुढ्यात टाकला. चांगला मुठीएवढा दगड. डांबरावर दगड पडला की कसा आवाज होतो, ते मला माहीत आहे. तो हा आवाज नव्हता. आणि पडल्यावर तो मला कुठे दिसला नाही.

“अहो,” मी म्हटलं. “मला जालन्याला जायचंय.”

कंडक्टरने मान तिरकी केली. माणूस लांबून येणारा खळखळाट ऐकतो तशी. मग तो मोटारसायकलवाल्याला म्हणाला, “वाढून राह्यलंय.”

मी रस्ता सोडला. उसातून परत काठाकडे आले. मागे इंजिन सुरू झालं, आणि एसटी पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, मी उभी होते त्या जागेवरून गेली. ड्रायव्हर दारातून वाकून चाकं बघत होता.

६

ती रात्र एका शाळेच्या व्हरांड्यात काढली. तिसऱ्या दिवशी मी काही लावून बघायचा प्रयत्न केला नाही. चालले. वाटेतल्या वस्त्यांवर माणसं पत्र्यांवर, माळवदांवर, एक जण कडुनिंबावर. कुणी हात जोडले. मीही जोडले, न जोडणं बरं दिसत नाही.

बूट कोरडेच होते. फक्त चालायला जड जात होतं, ओढणी सारखी मागे ओढली जात होती, आणि सॅक मात्र हलकी लागत होती, जणू तिला खालून कुणी उचलून धरलंय. नारळ आतल्या आत एकमेकांवर हळू आपटत होते. एकदा मला वाटलं, मागे वळून बघावं. मग वाटलं, घरी पोचल्यावर. उंबऱ्यात कुणीतरी आपलं माणूस असेल, त्याच्यासमोर वळून बघू, म्हणजे जे काही असेल ते दोघांनाही दिसेल.

बेबीनंदाचं घर गावाच्या टोकाला, उंचवट्यावर. नवं सिमेंटचं, पुढे ओसरी. चारला दहा मिनिटं कमी होती. आत्याबाईंचा अंदाज बरोबर होता.

गच्चीवर गव्हाची पोती, गाद्या, टीव्ही, पिठाची गिरणी, कोंबड्यांचं खुराडं. सगळं कसं नीट लावलेलं, कामाची माणसं आहेत. आदिनाथ गच्चीच्या कडेला पाय सोडून बसला होता. दोन दिवसांची दाढी. माझ्याकडे बघत होता, तोंडाकडे. तीन दिवसांत माझ्या तोंडाकडे बघणारा तो पहिला.

खाली ओसरीत एकच वस्तू होती. माझी लाल सूटकेस. रुखवताच्या वेळी आईने घेऊन दिलेली, तीर्थपुरीत आमच्या कपाटावर ठेवलेली. तिच्यावर माझ्या साड्या, माझी पर्स, माझा लग्नातला फोटो, फ्रेममधून माझ्यापुरता कापून काढलेला. घरातलं सगळं त्यांनी वर नेलं होतं. माझं तेवढं खाली ठेवलं होतं.

आत्याबाई दारातून आल्या. हातात ताट. हिरवी साडी, खण, बांगड्या, नारळ. ताटातल्या बांगड्या वाजत होत्या. त्यांच्यामागे बेबीनंदा, गेरूचा खडा घेऊन. तिची नजर माझ्या डोक्याच्या वर, भिंतीवर कुठेतरी होती. तिला स्टूल लागणार होतं.

मी ओसरीच्या पायरीशी थांबले. आत्याबाई वाकल्या आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. साडीचा पदर आपोआप उलगडला आणि पसरत गेला, सावकाश, वारा नसताना.

“माय,” त्या म्हणाल्या. दोन महिने ज्यांनी मला मीठ कमी आहे, चहा जास्त आहे असं सांगितलं, त्या मला माय म्हणाल्या. “काही चुकलं आसंल तर पोटात घाल. तुझं तुला समदं दिलं. मला एकच ल्योक हाय. आता माघारी जा.”

बोलण्यासारखं माझ्याकडे कधीच फार नसतं.

“आई,” वरून आदिनाथ म्हणाला, “ती दमली आसंल गं.”

“तू गप बस,” आत्याबाई म्हणाल्या. “पाय वर घे.”

त्याने पाय वर घेतले नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला, त्याचे ओठ हलले, आणि मला दिसलं की तो माझं नाव घ्यायच्या बेतात आहे, पूर्ण, आणि घेत नाहीये.

मग मी मागे वळून बघितलं नाही. त्याची गरज पडली नाही. मी फक्त खाली बघितलं, सगळे बघत होते तिथे. माझ्या बुटांपुढे बेबीनंदाचं घर होतं. उलटं. उलटं दार, उलटी ओसरी, खूप खोलवर उलट्या गच्चीवर पाय सोडून बसलेला माझा नवरा. आत्याबाईंचा चेहरा माझ्या पायांशी थरथरत होता. मी कुठे आहे ते शोधलं. मी त्यात नव्हते. माझ्या जागी नुसतं आभाळ होतं, लांबच लांब, पार शहागडपर्यंत गेलेलं. लाल सूटकेस ओसरीवरून हळूच उचलली गेली आणि माझ्याकडे यायला लागली.

मला अजूनही काही कळलं नव्हतं. एवढंच कळत होतं की मी तीन दिवस चालले होते, पाय दुखत होते, आणि, नणंदेचं का होईना, घर समोर होतं. आणि त्या घराचा उंबरा फार उंच नव्हता.

“आत्याबाई,” मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की कोंबड्या उडाल्या, “भाकरतुकडा आणा. मी घरात येऊन राह्यले.”